जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

हल्ली संगणक हाही घरातील एक सदस्यच होऊन बसला आहे. मुलांचा अभ्यास, शेतीचा जमाखर्च, दूरदेशी असलेल्या आप्तांची छायाचित्रे, हे सारे त्याच्याच पोटात असते. परंतु 'विंडोज १०' ह्या संचालन-प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढील 'विंडोज ११' पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाही. म्हणून धडधाकट यंत्र भंगारवाल्यास द्यावे काय? तसे करण्याचे कारण नाही.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी सर्वांस मुक्तपणे वापरता येईल अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स ह्याने तशा प्रणालीचा गाभा लिहिला. ह्या दोन्ही प्रयत्नांचा मिलाफ होऊन जी प्रणाली नावारूपास आली, ती 'लिनक्स'. ती कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व शेजाऱ्यासही द्यावी. तिच्या अनेक प्रकारांपैकी 'लिनक्स मिंट' नवशिक्यास सोयीचा आहे. त्यास किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते.

आता कृती पाहू. प्रथम आपली कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती तेथून खरोखर उघडतात ह्याची खातरी करावी. ह्या कामी घाई करू नये. प्रणाली बिघडली तर पुन्हा बसविता येते. आजीचे पुसले गेलेले छायाचित्र परत मिळेलच असे नाही.

नंतर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची फाईल उतरवून 'एचर' ह्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. त्या पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो, हे ध्यानी असावे. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा व लगेच एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप, यंत्राप्रमाणे जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हची निवड करावी. अशा रीतीने लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू लागते आणि आतील डिस्कला धक्का लागत नाही. तेवढ्यात वाय-फाय, आवाज व प्रिंटर नीट चालतात की नाही, हे पाहून घ्यावे.

समाधान झाल्यावरच ती कायमची बसवावी. त्या वेळी एक प्रश्न विचारला जातो: सर्व डिस्क पुसावयाची, की विंडोजच्या शेजारी जागा द्यावयाची? पहिल्या पर्यायाने जुने काहीही उरत नाही; म्हणून उत्तर देण्यापूर्वी तो प्रश्न दोनदा वाचावा.

पत्रव्यवहार व हिशेबाचे तक्ते ह्यांसाठी 'लिबरऑफिस' तीत आयतेच असते, आणि कळफलकाच्या मांडणीत मराठीची भर घातली की मराठीही लिहिता येते. मात्र ज्यांचा धंदा खास विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे, त्यांनी विंडोज एकदम काढून टाकू नये. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात, विंडोज इंटरनेटला न जोडता केवळ त्या कामापुरती वापरावी, आणि बाकीचा सारा व्यवहार लिनक्सवर करावा.