स्वच्छ ऊर्जेसाठी परदेशी अनुदान : संस्थांनी अर्ज कसा करावा?

ऊस तुटून गेला की फडातील पाचट पेटवून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने याच पाचटापासून कांडी कोळसा तयार करण्याची पद्धत बसविली आणि त्याबद्दल तिला २००२ साली ब्रिटनमधील अॅशडेन पारितोषिक लाभले. खरकट्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्राबद्दल २००६ साली तेच पारितोषिक तिला पुन्हा मिळाले. गावाची खरी अडचण ओळखून केलेल्या कामाची दखल परदेशातही घेतली जाते, हा यातील बोध आहे. अशा कामासाठी अनुदान मिळविण्याचा मार्ग ग्रामसेवकांनी व गावोगावच्या संस्थांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आरंभ गावातच

अर्जाचा पाया म्हणजे गावाची पाहणी. “गावात सरपणाची फार टंचाई आहे” एवढे लिहून भागत नाही. समजा, एका वाडीत ४० कुटुंबे असून प्रत्येक घरी दररोज ५ किलो सरपण लागते. म्हणजे दिवसाला २०० किलो आणि वर्षाला ७३ टन सरपण जळते. ते आणण्यात स्त्रियांचे किती तास जातात, हेही नोंदवावे. ही नोंद आधी नसेल, तर पुढे किती बचत झाली हे सिद्ध करता येत नाही.

निधी कोठून मिळतो?

जागतिक पर्यावरण सुविधा या निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. प्रामुख्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत तो चालविला जातो. हे अनुदान सरकारी खात्यांऐवजी स्थानिक संस्थांना थेट मिळते. एका प्रकल्पास दीर्घकाळ कमाल ५०,००० डॉलरची मर्यादा होती. प्रथम थोडक्यात संकल्पना सादर करावयाची, ती पसंत पडल्यास सविस्तर प्रस्ताव पाठवावयाचा, अशी साधारण पद्धत आहे. मंजुरी देशपातळीवरील समिती देते. गावाचाही वाटा अपेक्षित असतो. तथापि तो रोखच असावा असे नाही. श्रमदान, जागा व साहित्य यांचेही मोल धरले जाते. म्हणून श्रमदानाची हजेरी रोजच्या रोज लिहून ठेवावी.

कायद्याची बाजू

परदेशी देणगी घेण्यापूर्वी २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते अथवा पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनुसार ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही आणि आलेली देणगी दुसऱ्या संस्थेस देता येत नाही.

संयुक्त राष्ट्रे, तिच्या विशेष संस्था व जागतिक बँक यांना मात्र हा कायदा ‘विदेशी स्रोत’ मानीत नाही. यास्तव पैसा प्रत्यक्ष कोणत्या संस्थेकडून येणार, हे प्रथम लेखी विचारून घ्यावे. नव्याने उभ्या राहिलेल्या लहान मंडळाने आधी देशांतर्गत निधीवर काम उभारून हिशेब चोख ठेवावेत. अनुभव व हिशेब हीच पुढील अर्जाची पूर्वतयारी होय.

अर्जात काय असावे?

अडचण, उपाय, कामाचे वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि फलिताचे मोजमाप या पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. त्यांना लेखापरीक्षित हिशेब, नोंदणीपत्र व ग्रामसभेचा ठराव जोडावा. अंदाजपत्रकातील प्रत्येक आकड्यामागे दरपत्रक असावे. देणाऱ्या संस्थेच्या उद्देशात आपले काम बसत नसेल, तर ओढूनताणून अर्ज करू नये.

देखभालीचा प्रश्न

अनुदान एकदाच मिळते, संयंत्र मात्र वर्षानुवर्षे चालवावयाचे असते. सौर दिव्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. त्यासाठी पैसा बाजूस ठेवला नसेल, तर दिवा विझतो, यंत्र अडगळीत पडते आणि पुढच्या चांगल्या कामावरूनही गावाचा विश्वास उडतो. म्हणून दरमहा वर्गणी किती, ती कोण जमा करणार, दुरुस्ती शिकलेले गावातील दोघे कोण, हे अर्जातच लिहावे. वर्गणीचा आकडा ग्रामसभेत वापरणाऱ्यांनीच ठरवावा.

ग्रामसेवक बंधू-भगिनींनी अर्जाच्या मुदतीची वाट न पाहता आजच एक वही घालावी आणि एका वाडीतील सरपण, रॉकेल व विजेचा खर्च घरोघरी जाऊन लिहून काढावा. उद्या अर्जाची संधी येईल तेव्हा ही वही हाताशी असेल. संधी आली नाही, तरी आपले इंधन व आपला पैसा कोठे जातो, हे गावाला कळलेले असेल.