गडावरील शिशाची गोळी आणि दारूखाना : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शिसे, तोड्याची बंदूक, दारूखाना, आज्ञापत्र, राजगड, तोरणा

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील भोर तालुका आणि पूर्वी वेल्हे या नावाने ओळखला जाणारा तालुका म्हणजे हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे यांचा प्रदेश होय. रोहिडा, तोरणा आणि रायगडापूर्वीची राजधानी राजगड हे किल्ले याच परिसरात उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत राजगड आहे. तोरणा व रोहिडा नाहीत. किल्ल्यांवर जाणाऱ्या शैक्षणिक सहलींत तट, बुरूज, दरवाजे यांचे वर्णन होते. परंतु हे तट ज्या बळावर लढले त्या दारू-गोळीचा विचार क्वचितच होतो. परिणामी जाड भिंतींच्या कोणत्याही पडक्या वास्तूस 'दारूकोठार' म्हणण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखात शिशाच्या गोळीमागील शास्त्र व दारूच्या साठवणीचे नियम यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. गोळीसाठी शिसेच का ?

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. साध्या लाकडी कोळशाच्या शेगडीवर, लोखंडी पळीत ते सहज पातळ होते. त्यासाठी भट्टीची वा भात्याची आवश्यकता नसते. लोखंडाचे तसे नाही. त्यामुळे तोफेचे लोखंडी गोळे घडविण्यास कारखाना लागे, तर बंदुकीच्या गोळ्या गडावरच ओतता येत. मात्र साचा पूर्ण कोरडा असणे आवश्यक असे. पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या शिशाखाली सापडल्यास त्याची तत्काळ वाफ होऊन शिसे उसळते.

दुसरे कारण घनतेचे. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तर लोखंडाची ७.८७ ग्रॅम आहे. समान आकाराची शिशाची गोळी अधिक जड असल्याने हवेच्या विरोधातही तिचा वेग तुलनेने टिकून राहतो. तिसरे कारण मृदुतेचे. शिसे मऊ असल्याने नळीच्या आतील पृष्ठभागास इजा करीत नाही.

गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १२ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारे १०.३ ग्रॅम भरते, तर १८ मिलिमीटरची सुमारे ३४.६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. व्यास दीडपट झाला तर वजन तिपटीहून अधिक होते. 'बारा बोर' ही आजही प्रचलित असलेली संज्ञा याच हिशेबातून आली आहे : नळीत बसणाऱ्या ज्या आकाराच्या बारा गोळ्या एक पौंड शिशातून होतात, ती बारा बोरची नळी. बंदुकीच्या मापाची भाषा मुळात शिशाच्या वजनाची भाषा होती, हे यावरून दिसते.

३. बंदूक भरण्याची क्रिया

तोड्याची बंदूक तोंडाकडून भरली जाई. प्रथम दारू, नंतर गोळी घालून ती गजाने ठासली जाई; कानाजवळ रंजक घालून पेटत्या तोड्याने ती उडविली जाई. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असावी लागे. ती फार लहान झाली तर वायू बाजूने निसटून जोर कमी होई. फार घट्ट झाली तर जळक्या दारूची काजळी साचलेल्या नळीत ती अडकून बसे. हाताने घडविलेल्या नळ्या एकसारख्या नसल्याने नळीच्या मापाचा साचा असणे महत्त्वाचे होते.

४. शिशाचा पुरवठा

सह्याद्रीच्या या भागात शिशाच्या खाणी नाहीत. ही धातू व्यापाऱ्यांकडूनच मिळवावी लागे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ऐंशी तोफा आणि आपल्या सर्व बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याची नोंद रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने केली आहे. तोफांच्या बरोबरीने शिशाचा उल्लेख यावा, यातच त्याचे महत्त्व स्पष्ट होते.

५. दारू व पर्जन्य

शिसे वर्षानुवर्षे टिकते. त्यावर पांढुरका थर चढतो इतकेच. दारूचे स्वरूप भिन्न आहे. सोरा, गंधक व कोळसा या तीन घटकांपैकी कोळसा सच्छिद्र असल्याने ओल शोषतो, आणि सोरा नीट शुद्ध केलेला नसल्यास त्यातील इतर क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात. भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुके हटत नाही. अशा ठिकाणी शत्रूपेक्षा सर्दी हाच दारूचा नित्याचा वैरी होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण या दृष्टीने वाचले पाहिजे. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नसावा, तो सदरेपासून अंतरावर असावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, तळघरास गच्च करून त्यात माच घालावा व त्यावर दारू ठेवावी, बाण इत्यादी वेगळ्या भागात ठेवावे, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष दारू बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करावी, असा या सूचनांचा आशय आहे. यातील प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. वाऱ्याची दिशा चुलीच्या ठिणगीसाठी, माच जमिनीच्या ओलीसाठी, ऊन हवेतील दमटपणासाठी आणि मुद्रा चोरी व फितुरीसाठी. पुरंदरच्या १६६५ च्या वेढ्यात गडकऱ्यांची स्वतःचीच दारू पेटून झालेली हानी पाहता ही सावधगिरी अनाठायी नव्हती.

६. अवशेषांचे वाचन

राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठार म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. तेथे व अन्य गडांवर विद्यार्थ्यांना नेताना आज्ञापत्रातील सूचनांचा कसोटी म्हणून उपयोग करता येईल : वस्तीपासूनचे अंतर किती, वारा कोणत्या दिशेने वाहतो, जमीन गच्च केलेली आहे काय, माचाच्या खुणा दिसतात काय ? या कसोटीस न उतरणारी वास्तू धान्यकोठारही असू शकते. तसेच गडावर सापडलेली शिशाची गोळी उचलून नेल्यास ती कोठे, कोणत्या थरात पडली होती हा पुरावा कायमचा नष्ट होतो. ती जागेवर ठेवून राज्य पुरातत्त्व विभागास कळविणेच योग्य होय.

७. समारोप

१८७८ च्या शस्त्र कायद्याने शिसे, गंधक व सोरा या पदार्थांनाही 'लष्करी साहित्य' ठरविण्याची तरतूद केली. पुढे १९५९ च्या कायद्यान्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा ठरला. घरोघरी वा गडोगडी गोळ्या ओतण्याचे युग त्यामुळे इतिहासजमा झाले आहे. मात्र त्या युगाचे ज्ञान जतन करणे आवश्यक आहे. तट कोसळला तरी त्याचे दगड उरतात. दारूखान्याचा अर्थ विसरला गेला, तर उरते ती केवळ एक निनावी भिंत.