पेठेंतील ओसाड माड्या

दुकान खालीं आणि बिऱ्हाड माडीवर, ही आमच्या काळबादेवी-भुलेश्वरांतील व्यापाऱ्याची जुनी वहिवाट. तींत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटत नाहीं. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरास मात्र ही साधी गोष्ट पुन्हा शिकण्यासाठीं १९९९ साल उजाडावें लागलें.

त्या शहराच्या मध्यभागीं स्प्रिंग स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें बँकांच्या व शेअरबाजाराच्या भक्कम इमारती उभ्या राहिल्या. पुढें १९६० नंतर मोठ्या कचेऱ्या पश्चिमेस बंकर हिलच्या बाजूला गेल्या, आणि या इमारतींचे वरचे मजले ओस पडले. खालीं दुकानें, वर अंधार! तेथें कोणीं राहूं नये असें उघड शब्दांत लिहिलें होतें असें नव्हे. मनाई होती ती अटींच्या बुरख्याआडून. दर बिऱ्हाडामागें मोटारीसाठीं अमुक जागा हवी, जमिनीच्या मानानें अमुक इतकींच बिऱ्हाडें असावींत. मोटारींचा सुळसुळाट होण्यापूर्वीं बांधलेल्या इमारतीनें ही जागा आणावी कोठून?

१९९९च्या कायद्यानें १ जुलै १९७४ पूर्वींच्या इमारतींस या दोन्ही अटी माफ केल्या. भूकंपांत टिकाव धरील अशी मजबुती करण्याचा भार मालकावर राहिला, आणि तें योग्यच झालें. परिणाम असा कीं, मध्यभागांत १२,००० हून अधिक घरें निघालीं. यासाठीं जमिनीचा नवा तुकडा शोधावा लागला नाहीं, आणि दिवेलागणीस सुनी होणाऱ्या पेठेस रात्रींचें गिऱ्हाईक मिळालें, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

कोणी म्हणतील, रहिवासी आले कीं मालाच्या चढउताराबद्दल कुरकुर सुरू होते. होते खरी, पण ज्यास निवांतपणाच हवा तो पेठेंत बिऱ्हाड करीत नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. या कायद्यांत स्वस्त भाड्याचीं घरें ठेवण्याची सक्ती नव्हती. जवळच एकेका खोलीचीं जुनीं हॉटेलें होतीं. त्यांत गरीब माणसें वर्षानुवर्षें रहात. भाव चढतांच तीं पाडण्याचा वा पालटण्याचा मोह मालकांस होणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. तरीही त्या खोल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो २००८ सालीं. नऊ वर्षांनीं! इमारतवाल्यांस सवलत आणि भाडेकऱ्यास आधार, हीं दोन्ही कलमें एकाच बैठकींत कां मंजूर होऊं नयेत, याचें उत्तर आम्हांस अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.