वेगाचा बांध

घरोघर माल पोचविणारे आमचे पुष्कळ कामगारबंधू विजेच्या लहान स्कूटरवर फिरतात. शक्ती 250 वॉटहून कमी, वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर कायदा तिला मोटारवाहन मानीत नाही. कारखान्याने घातलेला वेगाचा बांध मोटारीची वीज आवरणाऱ्या कंट्रोलरमध्ये असतो. तो काढून वेग दुप्पट केला, की ब्रेक दाबल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटारवाहन ठरते. अपघात झाला तर भरपाई कोण देणार? मजुरी खेपेवर आहे तोवर हा मोह सुटणे कठीण. म्हणून आम्ही कामगाराला सांगतो, बांध काढू नकोस; आणि मालकाला सांगतो, मजुरी तासावर द्या.