पोपटाची चार, कासवाची शंभर

आपल्या बोलण्यात पोपट येतो तो पोपटपंचीसाठी आणि कासव येते ते संथ चालीसाठी. पण पिल्ले जगवण्याच्या रीतीवरून पाहिले, तर या दोघांकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

आपल्याकडे सर्वत्र दिसणारा पोपट म्हणजे कंठवाला पोपट. गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त नराला असतो. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात मादी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. पिल्ले जन्मतात ती आंधळी आणि उघडीनागडी. पुढे सहा-सात आठवडे त्यांना भरवावे लागते. पिल्ले मोजकी, पण काळजी पुरेपूर!

ऑलिव्ह रिडले कासवाचा हिशेब याच्या उलट. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीच्या वेळी मादी येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. उबवण्याचे काम वाळूची ऊब करते. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेल्या पिल्लांना खेकडे, पक्षी, कुत्रे आणि मासे टिपतात. हजारात एखादेच मोठे होते, असे मानतात.

म्हणूनच दोघांना जपण्याची रीत वेगळी. पोपट आज संख्येने भरपूर आहेत. त्यांच्या ढोलीची झाडे राखावीत आणि पिल्लांना हात लावू नये. चारांपैकी एक पिल्लू पकडून विकले, की त्या जोडप्याची वर्षाची पाव कमाई गेली. कासवाच्या बाबतीत अंडी तर राखावीच लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने 2002 पासून हे काम करून दाखवले आहे. पण मोठी मादी त्याहून मोलाची. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. मासेमारीच्या जाळ्यात अडकले तर ते गुदमरते. अशी एक मादी मेली, तर पुढच्या कित्येक वर्षांची शेकडो अंडी तिच्याबरोबर जातात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण दिले आहे. तेव्हा समुद्रातले कासव वाचावे असे म्हणताना घरातला राघूचा पिंजराही रिकामा असायला हवा.