कागदाचा माग : पोलिसांच्या नोटिशीचा हिशेब

बंदची हाक दिलेली असते, मोर्चाचा मार्ग ठरलेला असतो, नाहीतर विसर्जन मिरवणूक तोंडावर आलेली असते. आदल्या संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेचा अंमलदार कार्यकर्त्याच्या दारात उभा राहतो. हातात एकपानी कागद, वर जावक क्रमांक, खाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची सही. मजकूर बहुतेक ठरलेला. आपल्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवला तर आपल्याला जबाबदार धरण्यात येईल, आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात मांडण्यात येईल. स्थळप्रतीवर सही घेतली जाते. दोघे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतील तर चहाही होतो.

चळवळीत वावरणाऱ्यांच्या तोंडी ही ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’. फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ क्रमांकाने आले. कलम जेमतेम एका वाक्याचे आहे : दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस अधिकाऱ्याला हस्तक्षेप करता येईल, आणि तो गुन्हा त्याने यथाशक्ती रोखला पाहिजे. नोटिशीचा त्यात उल्लेखच नाही. ती कोणाला द्यावी, कशाच्या आधारावर द्यावी, किती दिवस लागू राहावी, यातले काहीही कायद्याने सांगितलेले नाही. रोखण्याच्या अधिकारातून कागदाची ही प्रथा उगवली आणि रुजली.

एप्रिल २०२२ मध्ये ‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणण्याचे जाहीर करणाऱ्या नवनीत राणा आणि रवी राणा यांना मुंबई पोलिसांनी हीच नोटीस बजावली होती. मशिदींवरच्या भोंग्यांसाठी ३ मेपर्यंतची मुदत देणाऱ्या राज ठाकरे यांनाही ती मिळाली. अशी नावे असली की नोटिशीची बातमी होते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मोर्चा काढणाऱ्याला किंवा गावातल्या दारू दुकानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला तीच नोटीस आली, तर तिची दखल ठाण्याच्या जावक नोंदवहीपलीकडे सहसा जात नाही.

याच जातीतली दुसरी कारवाई म्हणजे पोलिसांच्या भाषेतली ‘चॅप्टर केस’. पूर्वीचे कलम १०७, आताचे १२६. तिच्यात निदान काही पायऱ्या आहेत. कार्यकारी दंडाधिकारी लेखी आदेश काढून कारणे दाखवा म्हणतात, समोरच्याला म्हणणे मांडता येते, चौकशी सहा महिन्यांत संपावी लागते, मगच शांतता राखण्याचे बंधपत्र. नोटिशीला यातले काही नाही. ती शिक्षा नाही, म्हणून तिच्यावर अपील नाही. आरोप नाही, म्हणून सुनावणीही नाही. आणि तरीही ती फाईलमध्ये राहते, पुढच्या वेळी ‘यापूर्वीही समज देण्यात आली होती’ या वाक्याच्या रूपाने वर येते. शिक्षा झालेल्याला निदान निकालाची प्रत मिळते. समज दिलेल्याकडे दाखवायला पोलिसांनीच दिलेला कागद तेवढा असतो.

गुन्हा नोंदवला तर, संवेदनशील प्रकरणे वगळून, त्याची प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला आहे. नोटिशीबाबत तसे बंधन नाही. म्हणून तिचा हिशेब मागायचा तर माहिती अधिकाराचा अर्ज हाच सरळ रस्ता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र ‘अ’, आणि जन माहिती अधिकाऱ्याचा पत्ता. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियमात भर घालून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा असावा असे ठरवले. चिडलेल्या माणसाला दीडशे शब्द फार थोडे वाटतात. नेमके विचारणाऱ्याला पुरून उरतात.

इथेच बहुतेक अर्ज फसतात. ‘मला नोटीस का दिली?’ हा प्रश्न मनात सर्वांत वर असतो आणि अर्जात तोच पहिला उतरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतल्या ‘माहिती’त येत नाही. कार्यालयात जे नोंदलेले आहे ते मागता येते. अधिकाऱ्याकडून नव्याने खुलासा लिहून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या सीबीएसई उत्तरपत्रिका प्रकरणात म्हटले आहे की, जी माहिती एकत्र करून ठेवण्याचे बंधन नाही, ती अर्जदारासाठी गोळा करून देण्याचे बंधनही कार्यालयावर नाही.

मग मागायचे ते कागद. अमुक ठाण्यातून अमुक तीन महिन्यांत निघालेल्या अशा नोटिशींच्या जावक नोंदींच्या प्रती. नोटिशीचा वापरात असलेला नमुना. ती कधी बजावावी याबद्दल आयुक्तालयाचे किंवा महासंचालक कार्यालयाचे परिपत्रक असल्यास त्याची प्रत, आणि नसल्यास ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर. हे शेवटचे उत्तर अर्जदाराला निराश करते, पण कामाचे तेच असते. मार्गदर्शक सूचना नसताना एक ठाणे शेकड्याने नोटिसा काढत असेल, तर त्याचा अर्थ कोणत्याही वकिलाला सांगावा लागत नाही. एकूण संख्या तयार नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २ नुसार नोंदवहीची पाहणी मागावी आणि मोजणी आपणच करावी.

ज्याला नोटीस मिळाली त्याच्याकडे आणखी एक हत्यार आहे, फारसे न वापरलेले. कलम ४(१)(घ) म्हणते की, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कार्यालयाने स्वतःहून द्यायची आहेत. अर्जात ते कलम नाव घेऊन लिहावे, आणि कारणांऐवजी ती नोंदलेली टिप्पणी, गोपनीय अहवालाचा देण्याजोगा भाग, स्टेशन डायरीतली त्या दिवशीची नोंद मागावी. ‘का’ विचारायचे नाही. ‘का’ जिथे लिहिले आहे तो कागद मागायचा.

नकाराची उत्तरेही ठरलेली. पहिले, तपासाला बाधा येईल, कलम ८(१)(ज). दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे की तपास चालू आहे एवढे पुरत नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे. नोटिशीमागे तर पुष्कळदा गुन्हाच नोंदलेला नसतो. मग तपास कसला? दुसरे उत्तर, वैयक्तिक माहिती. ही भिंत आता उंच झाली आहे : डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वैयक्तिक माहितीच्या कलमातली जुनी सार्वजनिक हिताची अट गळाली. तरी कलम ८(२) मध्ये सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे. शिवाय संख्या मागताना नावे लागतच नाहीत. कलम १० नुसार ती झाकून उरलेले पान द्यावे लागते. शेजारच्या माणसाला नोटीस आली का, हे विचारण्यात तसाही अर्थ नाही.

‘अशी आकडेवारी ठेवली जात नाही’ हे तिसरे उत्तर जरा तपासून घ्यावे. भोंग्यांच्या वादात मे २०२२ मध्ये राज्यभर हजारो जणांना नोटिसा बजावल्याचे खुद्द पोलीस महासंचालकांनी पत्रकारांना सांगितले होते. पत्रकार परिषदेसाठी ठाण्याठाण्यांतून आकडा वर जातो, तेव्हा तो कुठल्या तरी तक्त्यात भरलेला असतो. अर्ज त्या तक्त्यासाठी करावा.

ब्रिटनमध्ये अशाच कागदावर बरीच वर्षे वाद झाला. छळाची तक्रार आली की इंग्लंडमधले पोलीस ‘पोलीस माहितीपत्र’ नावाची ताकीद देत. छळविरोधी कायदा १९९७ चा, पण या पत्राला त्यात आधार नव्हता. समोरच्याचे म्हणणे न ऐकताही ते देता येई. २०१४ मध्ये ‘क्रॉयडन ॲडव्हर्टायझर’च्या बातमीदारालाच ते मिळाले. गुन्हा सिद्ध झालेल्या एका फसवणूक प्रकरणात त्याने दोषी व्यक्तीची प्रतिक्रिया मागितली, आणि तोच छळ ठरला! पुढे लंडनच्या पोलिसांना ते मागे घ्यावे लागले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा पत्राची नोंद जपून ठेवणे बेकायदा नसल्याचा निर्वाळा दिला. पण २०१७ मध्ये पोलीस आणि अभियोग खात्यांच्या निरीक्षकांनी संयुक्त अहवालात ही पत्रे ताबडतोब थांबवा असे सुचवले, आणि तेही तक्रारदारांच्या बाजूने : पत्र दिले की तपास झाला, असे समजून खऱ्या छळाची प्रकरणे मिटवली जात होती.

तिथे माहिती मागणाऱ्याला एक अडचण आहे जी इथे नाही. माहिती शोधायला अठरा तासांहून अधिक, म्हणजे ४५० पौंडांहून अधिक खर्च येणार असेल, तर ब्रिटिश पोलीस नकार देऊ शकतात. भारतीय कायद्यात अशी मर्यादा नाही. फार साधने खर्ची पडणार असतील तर कलम ७(९) नुसार माहितीचे स्वरूप बदलता येते, इतकेच.

इथली अडचण वेगळी आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर वीस रुपये भरून प्रथम अपील, मग नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. त्या आयोगापुढची प्रलंबित प्रकरणे २०२३ मध्ये एक लाखाच्या वर होती. तिथे पोहोचलेला अर्ज कधी निघेल सांगता येत नाही, म्हणून मोठा अर्ज एकदाच करण्यापेक्षा एका ठाण्याचा, एका तिमाहीचा लहान अर्ज करून पहिल्याच टप्प्यावर पान हाती पडते का ते पाहावे. सुरुवातीला निवडणुकीची किंवा गणेशोत्सवाची तिमाही घ्यावी. नोंदवही तेव्हाच भरलेली असते.

(पुढील आठवड्यात : तडीपारीची फाईल कशी वाचावी)