ब्राउझरची झाडलोट : काय जाते, काय राहते

मोबाईल मंद चालू लागला अथवा एखादे सरकारी संकेतस्थळ उघडेनासे झाले, की "ब्राउझरचा डेटा साफ करा" असा सल्ला हल्ली गावोगाव दिला जातो. सल्ला बहुधा योग्यच असतो. तथापि ह्या झाडलोटीत आपला सातबारा, पीक विम्याची पावती किंवा भरलेला अर्जच पुसला जाईल, अशी धास्ती पुष्कळ शेतकरी बंधूंना वाटते. उलटपक्षी, काही जण समोर दिसेल त्या चौकटीवर खूण करून मोकळे होतात. तेव्हा ब्राउझर आपल्याजवळ नेमके काय साठवितो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आपण कोणती पाने पाहिली त्यांची यादी, म्हणजे इतिहास, हा त्यांतील सर्वांत निरुपद्रवी भाग होय. तो पुसल्याने कोणतेही काम अडत नाही. दुसरी वस्तू कॅशे. नाव रोकडीच्या 'कॅश'सारखे ऐकू येते, पण पैशांशी तिचा संबंध नाही. एकदा पाहिलेल्या पानावरील चित्रे व मजकूर पुन्हा मागवावा लागू नये, म्हणून ब्राउझर त्यांची प्रत ठेवून देतो. ही प्रत जुनी झाली म्हणजे पान अर्धवट दिसते किंवा अर्जाची कालचीच स्थिती आज दाखविली जाते. अशा वेळी कॅशे साफ करणे हा उत्तम उपाय आहे. मात्र रोज उठून तसे करण्याचे कारण नाही. जेथे नेटवर्क क्षीण आहे तेथे ही साठवणच उपयोगी पडते. ती काढल्यास प्रत्येक पान नव्याने उतरवून घ्यावे लागते.

तिसरी वस्तू कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती प्रथम योजिली. संकेतस्थळाने आपल्याला ओळखावे म्हणून दिलेला तो जणू बिल्लाच होय. तो काढून टाकला की आपण संकेतस्थळाबाहेर पडतो व पुन्हा प्रवेश करावा लागतो. अर्धा भरलेला अर्जही त्यामुळे हातचा जाऊ शकतो. म्हणून अर्ज सादर करून पोचपावती मिळेपर्यंत ह्या वाटेस जाऊ नये. एकदा सादर झालेला अर्ज मात्र सरकारी सर्व्हरवर असतो. आपल्या मोबाईलमधील झाडलोटीने तो नाहीसा होत नाही.

उतरवून घेतलेल्या सातबाऱ्याच्या पीडीएफचेही तसेच. इतिहास पुसल्याने ती फाईल जात नाही. पण क्रोमच्या डाउनलोडच्या पानावर जाऊन तेथील नोंद हटविली, तर अँड्रॉइड मोबाईलमधून मूळ फाईलच हटते, हा भेद ध्यानी ठेवावा.

खरा धोका आहे तो जतन केलेल्या पासवर्डचा. खळ्यावरचा भुसा काढताना बियाण्याची कणगी कोणी उलटी करीत नाही. तसे पासवर्डच्या चौकटीवर खूण असेल तर ती आधी काढावी. गुगल खात्याशी मेळ चालू असल्यास येथे पुसलेले पासवर्ड खात्यातून व दुसऱ्या मोबाईलमधूनही जातात. विसरलेला पासवर्ड नव्याने घेण्यासाठी बहुतेक संकेतस्थळे नोंदविलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवितात. तो क्रमांक बंद पडलेला असेल, तर आधी क्रमांक बदलून घेण्याची खटपट करावी लागते आणि तेवढ्यात योजनेची मुदत निघून जाते. म्हणून पासवर्ड वहीत लिहून वही घरी सुरक्षित ठेवावी, आणि नोंदणीचा क्रमांक चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे.

मोबाईलच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपचा सर्व डेटा पुसण्याची जी सोय असते, ती ह्याहून वेगळी व अधिक कठोर आहे. नेटवर्क नसताना बांधावर टिपून ठेवलेल्या, परंतु अद्याप वर न पाठविलेल्या नोंदी तिने कायमच्या नष्ट होऊ शकतात. ज्या ॲपमध्ये अशा नोंदी असतील, त्यातील नोंदी पाठविल्याची खात्री होईपर्यंत ही सोय वापरू नये.

व्हॉट्सॲपवरून पीएम किसानच्या नावाने बनावट एपीके फायली येतात. ती फाईल मोबाईलमध्ये बसली असेल, तर ब्राउझर कितीही झाडला तरी ती तेथेच राहते. मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करून ते ॲप काढून टाकावे, बँकेस कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

ग्रामसेवकांनी व सेवा केंद्रचालकांनी सामाईक संगणकाबाबत याच्या नेमके उलट वागावयाचे आहे. तेथे कुणाही शेतकऱ्याचा पासवर्ड जतन करू नये, काम संपताच खात्यातून बाहेर पडावे व कुकी पुसाव्यात. गुप्त खिडकीत काम केल्यास ती बंद करताच कुकी व इतिहास आपोआप जातो. उतरविलेली आधारची वा बँक पासबुकाची प्रत मात्र संगणकावर तशीच राहते, ती शेतकरी समोर असतानाच हटवावी.